यामाहा आरडी 350 आणि राजदूत 350 : आकडे अश्वशक्तीचे पाहावेत की ब्रेकचे?

घाटमाथा (धागाकर्ता)

माझ्या वडिलांनी 1984 साली घेतलेली राजदूत 350 गेली अकरा वर्षे घराच्या पडवीत ताडपत्रीखाली उभी होती. यंदा ती पूर्ण खोलली, क्रँकपासून वायरिंगपर्यंत सगळे नव्याने बांधले आणि मागच्या आठवड्यात आंबा घाटातून कोल्हापूर ते साखरपा अशी तिची पहिली लांब फेरी झाली. काम चालू असताना मूळ जपानी यामाहा आरडी 350 आणि आपली राजदूत यांचे तांत्रिक तपशील मी एका वहीत समोरासमोर लिहीत गेलो. त्या वहीतून आणि परवाच्या घाटउतारातून एक मत तयार झाले आहे, ते जाणकारांसमोर मांडतो.

आधी मूळ गाडी. यामाहाने 1970 साली आर5 नावाची हवेने थंड होणारी, दोन सिलिंडर शेजारी शेजारी असलेली टू-स्ट्रोक गाडी आणली. तिचा बोअर (सिलिंडरचा व्यास) 64 मिमी आणि स्ट्रोक (पिस्टनची वरखाली धाव) 54 मिमी होता, म्हणजे दोन्ही सिलिंडर मिळून 347 सीसी. 1973 साली याच मापांवर आरडी 350 आली. मापे तीच राहिली, पण आत बरेच बदलले : इनटेकला (मिश्रण आत येण्याच्या वाटेला) रीड व्हॉल्व्ह, म्हणजे एकाच दिशेने उघडणारी पाती, आले, पाचाऐवजी सहा गिअर आले आणि पुढच्या चाकाला 267 मिमीची हायड्रॉलिक डिस्क आली. ऑइल मिसळण्यासाठी ऑटोल्यूब पंप होताच. तो यामाहा 1964 पासून वापरत होती. ताकद 7500 आरपीएमला (मिनिटाला होणारे इंजिनाचे फेरे) 39 अश्वशक्ती. मागे 180 मिमीचा ड्रम, दोन्ही चाके 18 इंची, पुढे 3.00 आणि मागे 3.50 मापाचा टायर, आणि कोरडे वजन साधारण 143 किलो. 1975 च्या आरडी 350 बी नंतर 1976 साली तिची जागा आरडी 400 ने घेतली.

त्याच 350 बी वर आधारलेली गाडी एस्कॉर्ट्स कंपनीने 1983 साली राजदूत 350 म्हणून भारतात आणली. बोअर, स्ट्रोक, रीड व्हॉल्व्ह, सहा गिअर, ऑटोल्यूब हे सगळे तसेच होते, आणि वीजव्यवस्था 12 व्होल्टची होती, जी त्या काळी आपल्याकडे मोटारसायकलला अपवादानेच मिळत असे. ताकद मात्र 6750 आरपीएमला 30.5 अश्वशक्ती एवढीच ठेवली गेली. 1985 च्या सुमारास आलेल्या दुसऱ्या आवृत्तीत ती आणखी खाली, सुमारे 27 वर आली. पहिलीला आपण हाय टॉर्क (टॉर्क म्हणजे इंजिनाचा फिरवण्याचा जोर) आणि दुसरीला लो टॉर्क म्हणतो. पेट्रोल कमी लागावे म्हणून पोर्ट (सिलिंडरच्या भिंतीतल्या खिडक्या) आणि सायलेन्सर यांत हा आवळपणा केला गेला. आणि पुढची डिस्क काढून तिथे दोन लीडिंग शूंचा, म्हणजे आतून ड्रमला टेकणारे दोन्ही शू चाकाच्या फिरण्याने ओढले जातात असा, ड्रम बसवला गेला.

या गाडीचा विषय निघाला की आपण सगळे साडेआठ अश्वशक्तीच्या फरकावर अडून बसतो. माझे म्हणणे असे आहे की भारतात येताना या गाडीचे खरे नुकसान पुढच्या चाकात झाले, आणि इंजिनातला फरक त्यामानाने सोसण्याजोगा होता.

हिशेब साधा आहे. गाडी आणि चालक मिळून 230 किलो धरले, तर ताशी 60 किमी वेगाला सुमारे 32 किलोज्यूल गतिज ऊर्जा असते आणि ताशी 100 किमीला सुमारे 89 किलोज्यूल, म्हणजे जवळजवळ पावणेतीनपट. ही सगळी ऊर्जा ब्रेकला उष्णतेच्या रूपात रिचवावी लागते. ज्या काळात बुलेट 350 ची ताकद 18 अश्वशक्ती आणि येझदी रोडकिंगची 16 होती, त्या काळात 30.5 अश्वशक्तीची गाडी 100 चा वेग सहज गाठत होती आणि थांबण्यासाठी तिच्याकडेही ड्रमच होता. घाटात तर आणखी एक भर पडते. जिथे 300 मीटर खाली उतरायचे असते, तिथे या 230 किलोंमधून सुमारे 676 किलोज्यूल ऊर्जा मोकळी होते. ताशी 100 किमी वेगावरून साडेसात वेळा पूर्ण थांबण्याइतकी ती भरते. तिच्यातला काही भाग हवा आणि इंजिन खातात, पण टू-स्ट्रोकचे इंजिन उतारावर गाडी फारशी अडवत नाही. परवा घाटाच्या खालच्या वळणांवर माझा पुढचा लिव्हर हळूहळू मुठीपर्यंत आला आणि गाडी मात्र तशीच वाहत राहिली. त्या क्षणी 39 की 30.5 हा प्रश्न मला आठवलासुद्धा नाही.

आपले अनुभव आणि दुरुस्त्या जरूर लिहाव्यात.

पोर्टटायमिंग

उत्तम मांडणी आहे. ब्रेकबद्दलचे तुमचे मत मला मान्य आहे, तरीही अश्वशक्तीच्या आकड्याबद्दल एक गोष्ट जोडतो, कारण तो आकडा नीट उलगडला तर तुमचाच मुद्दा बळकट होतो.

अश्वशक्ती म्हणजे टॉर्क आणि फेरे यांचा गुणाकार. 7500 आरपीएमला 39 अश्वशक्ती म्हणजे त्या बिंदूवर सुमारे 3.7 किलोग्रॅम-मीटर टॉर्क. 6750 ला 30.5 म्हणजे सुमारे 3.2. कमाल ताकद 22 टक्क्यांनी घटली, पण त्यातला जवळजवळ निम्मा वाटा फेरे कमी झाल्याचा आहे आणि उरलेला टॉर्क कमी झाल्याचा. टू-स्ट्रोकमध्ये एक्झॉस्ट पोर्टची वरची कडा किती उंच आहे आणि सायलेन्सरच्या पोटातला शंकू कसा आहे, यावर इंजिन कोणत्या फेऱ्यांना खुलते ते ठरते. आपल्याकडच्या गाडीचा हा खुलण्याचा बिंदू खाली ओढला गेला. गावातल्या आणि घाटातल्या रोजच्या चालवण्यात, जिथे सुई 3000 ते 6000 च्या मध्ये असते, तिथे हा फरक कागदावर दिसतो तेवढा जाणवत नाही.

रीड व्हॉल्व्हविषयीही थोडे लिहितो, कारण या इंजिनाचा खरा स्वभाव त्यात आहे. आर5 मध्ये इनटेक पोर्ट उघडणे-मिटणे हे पिस्टनच्या खालच्या कडेवर अवलंबून होते. अशा रचनेत पिस्टन वर जाताना पोर्ट ज्या उंचीला उघडतो, खाली येताना त्याच उंचीला मिटतो, त्यामुळे कमी फेऱ्यांना आत आलेले मिश्रण काही प्रमाणात कार्बोरेटरकडे परत फेकले जाते. आरडीमध्ये कार्बोरेटर आणि सिलिंडर यांच्यामध्ये पोलादी पात्यांचा पिंजरा बसवला. आत निर्वात झाली की पाती उघडतात, दाब वाढला की आपोआप मिटतात. परतीचा मार्ग असा बंद झाल्यावर यामाहाला पिस्टनच्या घेरात खिडक्या पाडता आल्या आणि रीडच्या पोकळीतून थेट सिलिंडरात जाणारा एक जादा पोर्टही देता आला. एक इनटेक, एक एक्झॉस्ट आणि पाच ट्रान्स्फर (मिश्रण सिलिंडरात नेणारे) असे मिळून सात पोर्ट होतात. खालच्या फेऱ्यांना ओढ आणि वरच्या फेऱ्यांना धाव या दोन्ही गोष्टी एकाच इंजिनात याच कारणाने आल्या, आणि ही संपूर्ण रचना राजदूतमध्ये जशीच्या तशी आली. म्हणून मीही म्हणेन की इंजिनाचा गाभा आपल्याला पूर्ण मिळाला.

येझदीप्रेमी

एक प्राथमिक शंका आहे. माझ्या काकांच्या येझदीलाही दोन सायलेन्सर होते. मग तिला ट्विन (दोन सिलिंडरांची गाडी) का म्हणत नाहीत?

घाटमाथा (धागाकर्ता)

कारण येझदी 250 मध्ये सिलिंडर आणि पिस्टन एकच आहे. त्या एका सिलिंडरला एक्झॉस्टची दोन तोंडे आहेत आणि प्रत्येक तोंडाला एक नळी जोडलेली आहे. ओळखण्याची सोपी खूण म्हणजे प्लग मोजणे. आरडीला दोन प्लग, दोन कार्बोरेटर आणि दोन कॉन्टॅक्ट पॉइंट (ठिणगीचा क्षण ठरवणारे स्विच) आहेत. खऱ्या अर्थाने ती एका क्रँककेसमधली (क्रँकच्या घरातली) दोन 173 सीसीची इंजिने आहेत.

पेठेतला

धागाकर्त्यांचे शेवटचे वाक्य नव्याने आरडी घेणाऱ्या प्रत्येकाने लिहून ठेवावे, कारण या गाडीची बहुतेक दुखणी ती दोन वेगळी इंजिने आहेत हे विसरल्यामुळे होतात. मी पुण्यात राहतो आणि नाना पेठेत जुन्या गाड्यांचे भाग शोधण्यात माझी बरीच वर्षे गेली आहेत, त्या अनुभवावरून लिहितो.

टू-स्ट्रोकमध्ये मिश्रण आधी क्रँककेसमध्ये दाबले जाते आणि मग वर जाते. दोन पिस्टन उलट दिशेने चालत असल्यामुळे दोन्ही बाजूंच्या क्रँककेस एकमेकांपासून हवाबंद असाव्या लागतात. त्यासाठी क्रँकच्या मध्यभागी खाचांचे लॅबिरिंथ सील आहे आणि दोन्ही टोकांना रबरी ऑइल सील. लॅबिरिंथ सहसा त्रास देत नाही. टोकाची रबरी सील मात्र गाडी उभी राहिली की वाळतात आणि कडक होतात. उजव्या बाजूला क्लच आहे. तिथले सील गेले की इंजिन गिअरबॉक्समधले ऑइल ओढते, पांढरा धूर येतो आणि ऑइलची पातळी घटत जाते. हे दुखणे डोळ्यांना दिसते, त्यामुळे त्यावर लगेच उपाय होतो. डावीकडे अल्टरनेटर आणि पॉइंट आहेत. ती बाजू कोरडी असते. तिथले सील गेले तर आत ऑइल न येता हवा येते, मिश्रण पातळ होते, गाडी काही दिवस उलट जास्तच मोकळी पळाल्यासारखी वाटते आणि मग एके दिवशी भर वेगात डावा पिस्टन चिकटतो.

माझ्या पहिल्या राजदूतला हेच झाले. ज्या मेकॅनिककडे इंजिन बांधले, त्याने नवे पिस्टन-रिंग बसवले, बोअर केला, होनिंग केले, पण क्रँक खाली उतरवायला नको म्हणून जुनी सील तशीच ठेवली. सातशे किलोमीटरवर पुणे-सातारा रस्त्यावर मागचे चाक जागच्या जागी अडकले. क्लच लगेच दाबला गेला म्हणून मी वाचलो. तेव्हापासून मी या गाडीवर असताना डाव्या हाताची दोन बोटे क्लचवर ठेवूनच चालवतो, आणि इंजिन खोलले की सील बदलल्याशिवाय मिटवत नाही.

दुसरे म्हणजे टायमिंग. मूळ आरडी 350 ला ठिणगी पिस्टन वरच्या टोकाला पोहोचण्याआधी 2.0 मिमीवर पडावी, असे माप आहे, आणि पॉइंटची फट 0.30 ते 0.40 मिमीमध्ये असावी लागते. हे प्लगच्या भोकात डायल गेज बसवून दोन्ही सिलिंडरचे स्वतंत्रपणे लावावे लागते. कानाने टायमिंग लावणारे जुने हात मी पाहिले आहेत आणि त्यांच्याविषयी मला आदर आहे, परंतु दोनपैकी एक सिलिंडर जरा पुढे राहिला तर कानाला ते कळत नाही, पिस्टनला कळते.

सीबीवाला

मी होंडा सीबी 350 चा चाहता असल्याने शेजारच्या घरातून थोडे लिहितो. 1968 साली आलेल्या त्या गाडीचा बोअरही 64 मिमीच होता, स्ट्रोक 50.6, एकूण 325 सीसी, फोर-स्ट्रोक, ओव्हरहेड कॅम आणि 10,500 आरपीएमला 36 अश्वशक्ती. हे आकडे आरडीशेजारी ठेवले की दोन कंपन्यांच्या विचारांतला फरक स्पष्ट होतो. फोर-स्ट्रोकमध्ये प्रत्येक सिलिंडर दोन फेऱ्यांत एकदा पेटतो, म्हणून होंडाच्या दोन सिलिंडरांत मिळून 10,500 फेऱ्यांना मिनिटाला 10,500 स्फोट होतात. आरडीत प्रत्येक सिलिंडर प्रत्येक फेऱ्याला पेटतो, म्हणून 7500 फेऱ्यांतच 15,000 स्फोट होतात. होंडाने ती कसर फेरे वाढवून भरून काढली, आणि त्यासाठी व्हॉल्व्ह, कॅम व कॅमचेन हा सगळा प्रपंच अचूक बांधला.

आवाजातला फरकही यातूनच येतो. दोन्ही गाड्यांच्या क्रँकवर पिन (जिथे पिस्टनचे दांडे जोडतात) 180 अंशांवर आहेत, एक पिस्टन वर तेव्हा दुसरा खाली. टू-स्ट्रोकमध्ये त्यामुळे स्फोट अगदी समान अंतराने होतात. फोर-स्ट्रोकमध्ये मात्र 180 आणि मग 540 अंश असे विषम अंतर पडते. यामाहाच्याच एक्सएस 650 मध्ये दोन्ही पिस्टन एकत्र वरखाली होतात, त्यामुळे 653 सीसीच्या त्या इंजिनात स्फोट समान अंतराने होतात, पण कंप फार. आजच्या रॉयल एनफील्ड 650 मध्ये पिन 270 अंशांवर आहेत. कागदावर सगळ्यांचे वर्णन "पॅरलल ट्विन" असेच असते, म्हणून तपशिलाच्या तक्त्यात क्रँकचा कोन लिहायलाच हवा, असे मला वाटते.

आता धागाकर्त्यांच्या मुख्य मुद्द्याला एक आदरपूर्वक हरकत. सीबी 350 लाही आरंभी पुढे दोन लीडिंग शूंचा ड्रमच होता. 36 अश्वशक्तीच्या आर5 लाही ड्रम होता. त्या गाड्या तिकडच्या वेगवान रस्त्यांवर चालल्या आणि त्या काळच्या चालकांनी त्या ब्रेकची वाखाणणीही केली. मग तोच प्रकार राजदूतवर आला की तो दोष कसा ठरतो? मला वाटते की ड्रम वाईट नव्हता. तो नीट लावला गेला नाही.

थेम्सकाठी

मी मूळची सांगलीची, आता इंग्लंडमध्ये स्थायिक आहे, आणि आमच्या घरात 1975 सालची आरडी 350 आहे. त्यामुळे ज्या डिस्कविषयी आपण हळहळता, ती मी प्रत्यक्ष वापरते.

कोरड्या रस्त्यावर ती उत्कृष्ट आहे. कितीही वेळा दाबा, लिव्हर जागेवर राहतो. पावसात मात्र चित्र वेगळे असते. त्या काळच्या जपानी स्टेनलेस डिस्क आणि त्या काळचे पॅड यांची जोडी ओली झाली की लिव्हर दाबल्यावर पहिला क्षणभर काहीच होत नाही, आणि मग पाणी पुसले गेल्यावर ब्रेक एकदम धरतो. इथल्या हवामानात हा दोष सर्वांना ठाऊक होता. नव्या सिंटर्ड (धातूची पूड दाबून भाजलेल्या) पॅडमुळे तो बराच कमी झाला आहे. कोकणातल्या पावसात मूळ पॅडसह ही डिस्क आली असती, तर कदाचित आपण आज वेगळी तक्रार वाचत असतो. तरीही निवड करायची झाली तर मी डिस्कच निवडीन, कारण ओल्या डिस्कचा दोष पहिल्या क्षणाचा आहे आणि तापलेल्या ड्रमचा दोष ऐन गरजेच्या क्षणी, उतार संपत आलेला असताना समोर येतो.

या गाडीचे कूळ शर्यतीचे आहे हेही इथे नोंदवायला हवे. अमेरिकेतली डेटोना 200 ही शर्यत 1972 साली डॉन एम्डे आणि 1973 साली यार्नो सारिनेन यांनी यामाहाच्या 350 सीसी ट्विनवर जिंकली, तीही 750 सीसीच्या गाड्या समोर असताना. 1974 साली जाकोमो अगोस्तिनी यांनी 350 सीसी गटाचे विश्वविजेतेपद यामाहावरच मिळवले. हलके वजन आणि अरुंद बांधा हे त्या यशाचे मोठे कारण होते. दोन सिलिंडर शेजारी असल्याने दोघांनाही समोरची हवा सारखी मिळते; तीन सिलिंडरच्या टू-स्ट्रोकमध्ये मधल्या सिलिंडरला ते भाग्य नसते.

घाटमाथा (धागाकर्ता)

सीबीवाला, तुमची हरकत मी दोन दिवस मनात घोळवली आणि ती बऱ्याच अंशी स्वीकारतो. ड्रम मुळातच कुचकामी होता, असा अर्थ माझ्या पहिल्या प्रतिसादातून निघत असेल तर तो मागे घेतो. पण दोन गोष्टी अजूनही सांगेन. पहिली, ज्या यामाहाने आर5 ला ड्रम दिला होता, तिनेच 1973 साली तीच मापे ठेवून डिस्क दिली. त्यामागे अनुभव होता. दहा वर्षांनी भारतात येताना तो अनुभव मागे सोडला गेला. दुसरी, दोन लीडिंग शूंचा ड्रम ही फार नाजूक बांधणी आहे. दोन्ही शू फिरत्या ड्रमबरोबर ओढले जाऊन स्वतःहून घट्ट बसतात, म्हणून कमी जोरात जास्त पकड मिळते. पण त्याच गुणामुळे लायनिंग (शूवरचा घर्षणाचा थर) तापून घर्षण थोडे जरी घटले, तरी पकड त्या प्रमाणापेक्षा कितीतरी जास्त घसरते. डिस्कमध्ये ही स्वतःहून घट्ट होण्याची क्रिया नसल्याने तिची पकड सरळ आणि भरवशाची राहते.

थेम्सकाठी, पावसातल्या डिस्कची माहिती माझ्यासाठी नवी होती. मनापासून आभार.

पश्चिमवारा

घाटउताराचा विषय निघालाच आहे, म्हणून एक सावधगिरी. ऑटोल्यूबचा पंप दोन गोष्टींवर चालतो : इंजिनाचे फेरे आणि ॲक्सिलरेटरची केबल. मुठीपासून निघालेली केबल पुढे तीन फाट्यांत विभागते, दोन कार्बोरेटरना आणि एक पंपाला. मूठ पूर्ण सोडलेली असते तेव्हा पंपाचा दट्ट्या किमान अंतर चालतो. लांब उतारावर ब्रेक वाचवण्यासाठी आपण खालचा गिअर टाकून मूठ मिटून उतरलो, तर फेरे 5000 च्या वर असतात आणि दर फेऱ्याला ऑइल मात्र आयडलवर चालणाऱ्या इंजिनाइतकेच मिळते. म्हणून आमच्याकडचे जुने चालक उतारावर दर थोड्या अंतराने क्लच दाबून मूठ एकदा उघडतात. ही निरर्थक सवय वाटते, पण तिच्यामागे पिस्टनची काळजी आहे. थोडक्यात, या गाडीवर इंजिन ब्रेकिंगचा आधार दोन्ही बाजूंनी तोकडा आहे, आणि त्यामुळे सगळा भार पुन्हा त्या ड्रमवरच येतो.

आणखी एक विचारतो. आता पंपावर 20 टक्के इथेनॉलचे पेट्रोल मिळते. त्याचा या इंजिनावर काय परिणाम होतो?

पोर्टटायमिंग

इथेनॉलमध्ये मुळातच ऑक्सिजन असतो, आणि त्याची ऊर्जा पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांशाने कमी असते. म्हणून त्याच जेटमधून (कार्बोरेटरमधल्या इंधनाच्या छिद्रातून) तेवढेच इंधन गेले तरी मिश्रण पातळ ठरते. 1983 सालच्या मापाच्या जेटवर हे इंधन वापरायचे असेल, तर मेन जेट एक-दोन मापे मोठा लावून, दोन्ही प्लगचा रंग स्वतंत्रपणे पाहून खात्री करावी. दोन्ही चॉकलेटी हवेत. एक पांढुरका दिसला तर जेटवर समाधान न मानता पेठेतला यांनी सांगितलेले सील आणि कार्बोरेटरचा रबरी जोड तपासावा. दुसरा त्रास उभ्या गाडीचा. इथेनॉल हवेतले पाणी ओढते आणि टू-स्ट्रोकमध्ये तेच इंधन क्रँकच्या बेअरिंगवरून जाते. महिनाभर गाडी चालणार नसेल तर कार्बोरेटरची फ्लोटची वाटी रिकामी करावी आणि टाकीचा कॉक बंद करून ठेवावा.

पेठेतला

घाटमाथा, ब्रेकचे काम अजून बाकी असेल तर हे करून पाहा. पुढच्या चाकाचे आरे आधी ताणून घ्या आणि मगच ते चाक रिमसकट लेथवर चढवून ड्रम आतून साफ करून घ्या. आरे ताणल्यावर हब किंचित लंबगोल होतो, म्हणून सुटा हब लेथवर फिरवून उपयोग नाही. त्यानंतर नव्या लायनिंगचा गोलावा त्या ड्रमच्या मापाने घासून जुळवा आणि दोन्ही शूंच्या पुढच्या कडा तिरप्या करा, नाहीतर ब्रेक कुरकुरतो आणि अडखळत धरतो. शेवटी बाहेरच्या दोन कॅमना जोडणारा दांडा सैल करून पहिला शू ड्रमला नुसता टेकेपर्यंत आणा, मग दुसरा टेकेपर्यंत दांड्याची लांबी बदला. दोन्ही एकाच क्षणी टेकले पाहिजेत. बहुतेक राजदूतमध्ये एकच शू काम करत असतो आणि मालक ब्रेकला नावे ठेवत असतो. डिस्क बसवण्याच्या फंदात पडू नका. पुढचे फोर्क बदलावे लागतात, आणि नोंदणीतल्या तपशिलाशी गाडी जुळली नाही तर फेरनोंदणीच्या वेळी अडचण येते.

घाटमाथा (धागाकर्ता)

तीन आठवड्यांनी परत लिहीत आहे. पेठेतला यांच्या सांगण्याप्रमाणे कोल्हापुरात चाक आऱ्यांसकट लेथवर चढवले. ड्रम खरोखरच लंबगोल झालेला होता. हत्याराचे टोक पहिल्या फेऱ्यात फक्त दोन समोरासमोरच्या जागी लागत होते. जुने शू काढल्यावर वरच्याची लायनिंग झिजून चकचकीत झालेली दिसली आणि खालच्याची जवळजवळ कोरी. म्हणजे मी आणि माझ्याआधी वडील, आम्ही दोघेही इतकी वर्षे अर्ध्या ब्रेकवर घाट उतरत होतो.

नवे लायनिंग, जुळवलेला दांडा आणि नवी केबल घेऊन काल पुन्हा आंबा घाट उतरलो. मधल्या दोन वळणांपाशी थांबून हबला हात लावून पाहिला. गरम होता, पण लिव्हरची जागा वरच्या वळणावर होती तीच साखरप्याला पोहोचेपर्यंत राहिली. खाली उतरल्यावर वडिलांना गाडी दिली. त्यांनी गावातून एक फेरी मारली, परत येऊन लिव्हर दोनदा दाबून पाहिला आणि पहिला प्रश्न विचारला की खालच्या शूला स्प्रिंग कोणती टाकली आहेस. स्प्रिंग जुन्याच आहेत. त्या बदलायच्या असतील तर कोणत्या गाडीच्या मापाने बसतात, हे कोणाला माहीत असल्यास कृपया सांगावे.